तळ्यात की मळ्यात?

१९९८ सालचा जून महिना. अमेरिकेत ‘द एक्स-फाइल्स’ या गाजलेल्या मालिकेवरचा सिनेमा नुकताच लागलेला. पडद्यावर एका जुन्या इमारतीतला पॅसेज. तिथं एक तरुण आणि एक तरुणी समोरासमोर उभे. तिची बदली दूर सॉल्ट लेक सिटीला झालीय, नोकरीच सोडायचं तिनं ठरवलंय आणि तो तिला अडवतोय. बोलता बोलता दोघांचे डोळे भरून येतात. चेहरे जवळ येतात... आणखी जवळ... पाच वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच, म्हणून थिएटरातली चाहती खुर्चीच्या कडेवर येऊन बसलीय... आणि तेवढ्यात तरुणीच्या कपड्यांत दडून बसलेली एक मधमाशी तिला डसते!

झालं! चुंबन राहिलं बाजूला. तरुणी कोसळते, ॲम्ब्युलन्स येते, पळापळ सुरू होते आणि कथानक पुन्हा परग्रहवासीयांच्या मागे धावू लागतं. टीव्हीच्या चाहत्यांनी आजवर भल्याभल्या खलनायकांना शिव्या घातल्यात, पण त्या एका मधमाशीवर जेवढा राग निघाला तेवढा फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल.

लहानपणी ‘तळ्यात-मळ्यात’ कोण खेळलं नाही? अमेरिकेतल्या टीव्हीवाल्यांनी याच खेळावर गेली चाळीसेक वर्षं धंदा केलाय. एक तो, एक ती. दोघं एकत्र काम करणारी. कधी पोलीस, कधी खासगी गुप्तहेर, कधी सरकारी अधिकारी. दिवसभर भांडायचं, वेळ आली की एकमेकांसाठी जीव धोक्यात घालायचा. यांचं एकमेकांवर प्रेम आहे हे शेजारच्या शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नाही ते फक्त त्या दोघांना! दर आठवड्याला प्रेक्षकाला वाटतं, आज मळ्यात उडी पडणार. पण शेवटच्या मिनिटाला फोन वाजतो, दार ठोठावलं जातं, नाहीतर मधमाशी येते.

अशा मालिकांच्या चाहत्यांना वेड्यात काढणं सोपं आहे. पडद्यावरच्या खोट्या माणसांचं जुळावं म्हणून खऱ्या माणसांनी झुरायचं म्हणजे काय? नवऱ्याचे टोमणे, मुलांचं हसू, मैत्रिणींच्या भुवया... सगळं सहन करून ही चाहती व्हीसीआरमध्ये कॅसेट घालून ठेवते आणि सगळे झोपले की तेच दीड मिनिट पुन:पुन्हा मागे नेऊन बघते. पण ती त्या दीड मिनिटात नेमकं काय शोधत असते? ते समजून घ्यायचं तर ‘एक्स-फाइल्स’च्या पहिल्या भागापासून सुरुवात करायला हवी.

१० सप्टेंबर १९९३ या दिवशी फॉक्स वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेच्या तळघरात फॉक्स मल्डर नावाचा अधिकारी कुणालाही न सुटलेल्या, चमत्कारिक प्रकरणांच्या फायली घेऊन बसलेला. त्याचा परग्रहवासीयांवर, भुताखेतांवर, सगळ्यावर विश्वास. त्याचं पितळ उघडं पाडायला वरिष्ठ डेना स्कली या तरुण डॉक्टर अधिकाऱ्याची त्याच्याबरोबर नेमणूक करतात. ती विज्ञानाला धरून चालणारी, पुराव्याशिवाय काहीही न मानणारी. म्हणजे नेहमीच्या चालीच्या बरोबर उलट! पुरुष भावनेच्या मागे धावणारा आणि बाई त्याला ‘पुरावा दाखव’ म्हणणारी. मालिकेचा निर्माता ख्रिस कार्टर याने हे मुद्दामच केलं होतं. वाहिनीच्या लोकांना स्कलीच्या भूमिकेसाठी जास्त झगमगीत, उंच, सोनेरी केसांची नटी हवी होती. कार्टर हटून बसला आणि चोवीस वर्षांच्या, तोवर फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या गिलियन अँडरसनलाच त्यानं घेतलं. मल्डर झाला डेव्हिड डुकोव्हनी.

पहिल्याच भागात एक प्रसंग आहे. बाहेर धो धो पाऊस, मोटेलमधली वीज गेलेली. स्कलीला आपल्या कमरेवर काही खुणा दिसतात. ज्या खुनांचा तपास चाललाय त्यातल्या बळींच्या अंगावरही तशाच खुणा सापडलेल्या. ती घाबरून मल्डरच्या खोलीत येते आणि त्याला त्या बघायला सांगते. तो मेणबत्तीच्या उजेडात बघतो आणि सांगतो, डास चावलेत! सुटकेच्या भरात ती त्याच्या गळ्यात पडते. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत पुढं काय झालं असतं हे सांगायला नको. इथं मात्र ती आरामात अंग टेकते, तो जमिनीवर बसतो आणि आपण बारा वर्षांचे असताना आठ वर्षांची बहीण कशी नाहीशी झाली, ती हकीकत तिला सांगतो. बस्स. एक जण मनातलं सांगतोय आणि दुसरी, तिला त्यातलं अक्षरही पटत नसताना, मान देऊन ऐकतेय.

चाहती अडकते ती इथं. मग पुढं वर्षानुवर्षं ती बारीकसारीक गोष्टी वेचत राहते. दारातून आत जाताना त्याचा हात अलगद तिच्या पाठीवर टेकला. दोघं एकमेकांना आडनावानंच हाक मारतात. एकदा तिनं त्याला पहिल्या नावानं हाक मारून बघितली तर त्यानं हसून सांगितलं, आपण आईवडिलांनासुद्धा मल्डरच म्हणायला लावलंय! १९९४ मध्ये गिलियन अँडरसन खऱ्या आयुष्यात गरोदर होती, म्हणून लेखकांनी स्कलीचं अपहरण घडवून तिला काही दिवस पडद्याआड नेलं. अडचणीतून काढलेली ही वाट. पण ती परत येते बेशुद्धावस्थेत आणि तो तिच्या उशाशी बसून राहतो. चाहत्यांच्या दृष्टीनं मालिकेचं सगळं गणित तिथंच बदललं. पुढं १९९७ मध्ये स्कलीला कॅन्सर झाल्याचं कथानक आलं. त्याच वर्षी गिलियनला उत्कृष्ट अभिनेत्रीचा एमी पुरस्कारही मिळाला.

याच मालिकेच्या चाहत्यांनी इंग्रजीला एक शब्द दिला. मल्डर-स्कलीचं ‘रिलेशनशिप’ जुळावं असं म्हणणारे ते ‘रिलेशनशिपर’, आणि पुढं नुसतेच ‘शिपर’. आज जगभर कुठल्याही मालिकेतल्या कुठल्याही जोडीसाठी तो शब्द वापरला जातो. आणि त्यांच्या विरोधात उभे राहिले ‘नोरोमो’, म्हणजे ‘नो रोमान्स’वाले! त्यांचं म्हणणं असं की, एक पुरुष आणि एक बाई जिवाभावाचे सहकारी म्हणून राहूच शकत नाहीत का? प्रत्येक मैत्रीच्या गळ्यात हार घालायलाच हवा का?

हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आपल्याकडे ऑफिसातल्या बाईनं पुरुष सहकाऱ्याबरोबर दोनदा कँटीनमध्ये चहा घेतला तर तिसऱ्या दिवशी कुजबुज सुरू होते. ते सोसलेल्या बाईला नोरोमोंची बाजू चटकन कळेल. खुद्द कार्टरही सुरुवातीपासून त्यांच्याच बाजूचा. या दोघांना प्रेमात पाडायचं नाही, असं तो वारंवार सांगत होता.

पण त्यामागं तत्त्वाइतकीच एक भीतीही होती. ती एकट्या कार्टरची नव्हे, साऱ्या टीव्ही व्यवसायाची. आणि त्या भीतीचं नाव होतं ‘मूनलायटिंग’.

मार्च १९८५ मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका. मॅडी हेज ही एकेकाळची नामवंत मॉडेल. हिशेब बघणारा माणूस पैसे घेऊन पसार होतो आणि तिच्याकडे उरते एक तोट्यातली डिटेक्टिव्ह एजन्सी. ती बंद करायला ती जाते, तर तिथला तोंडाळ व्यवस्थापक डेव्हिड ॲडिसन तिला बंद करू देत नाही. सिबिल शेफर्ड आणि तेव्हा अगदीच नवखा असलेला ब्रूस विलिस. दोघं एकाच वेळी बोलायची, दारं आपटायची, भांडण इतक्या वेगात चालायचं की एका भागाची संहिता इतर मालिकांच्या जवळजवळ दुप्पट लांबीची व्हायची. गुन्हा कुणी केला याच्याशी प्रेक्षकाला काही देणंघेणं नव्हतं. ही दोघं कधी एकत्र येतात, एवढंच!

३१ मार्च १९८७ च्या भागात ती आली. आणि दोनच वर्षांनी, १४ मे १९८९ ला, मालिका बंद पडली. झाला निष्कर्ष तयार... नायक-नायिका एकत्र आली की मालिका मेली! पुढची कित्येक वर्षं लेखकांच्या खोलीत हा दाखला एखाद्या म्हातारीनं शकुन-अपशकुन सांगावा तसा सांगितला जात होता.

खरं काय घडलं? त्याच सुमारास सिबिल शेफर्डला दिवस गेले होते आणि पुढं तिला जुळी झाली. ब्रूस विलिस ‘डाय हार्ड’ या सिनेमाच्या शूटिंगमध्ये गुंतला. दोघांचं आपसात फारसं पटत नव्हतं, ही गोष्ट जगजाहीर होती. संहिता वेळेवर तयार होत नसत. १९८८ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा पाच महिन्यांचा संप झाला आणि मालिका निर्माण करणारा ग्लेन गॉर्डन कॅरन स्वत:च ती सोडून गेला. पडद्यावर तर आणखी गंमत. जी दोघं एकत्र यावीत म्हणून प्रेक्षक दोन वर्षं थांबले, ती एकत्र आल्यावर लेखकांनी मॅडीला धाडलं शिकागोला आईवडिलांकडे! आठवड्यामागून आठवडे दोघं एका चौकटीत दिसेनात. मग परतताना ती आगगाडीत भेटलेल्या एका भलत्याच गृहस्थाशी लग्न करून मोकळी होते. प्रेक्षकानं ताट भिरकावलं ते जेवण आवडलं नाही म्हणून नव्हे. ताटात काही वाढलंच नव्हतं.

शेवटच्या भागात तर कलाकार स्वत:चीच थट्टा करतात. सेट मोडायला माणसं आलीत, मालिका बंद झाल्याचं सांगितलं जातंय आणि मॅडी-डेव्हिड लग्न लावायला कुणी धर्मगुरू मिळतो का म्हणून धावाधाव करतायत. लग्न काही लागत नाही.

लग्नानं गोडी संपते, हा समज मुळात खरा असता तर ‘हार्ट टु हार्ट’ ही मालिका १९७९ ते १९८४ अशी पाच वर्षं चाललीच नसती. त्यातलं जोडपं पहिल्या भागापासून विवाहित, आणि मिळून गुन्हे शोधणारं. आपल्या दूरदर्शनवर १९९३ मध्ये बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्शी’ आली. एका खुनाच्या तपासात ब्योमकेशला सत्यवती भेटते, लग्न होतं, संसार सुरू होतो. रजित कपूरच्या त्या शांत ब्योमकेशसमोर सुकन्या कुलकर्णीची सत्यवती आल्यानं मालिकेचं काही बिघडलं का? उलट घराला घरपण आलं.

आणि त्याआधी, १९८५ मधला ‘करमचंद’ आठवा. गाजरं खाणारा पंकज कपूर आणि त्याची सेक्रेटरी किट्टी, म्हणजे सुश्मिता मुखर्जी. तीही जोडीच, चोवीस तास बरोबर असणारी. देशभर गाजलेली. पण करमचंद-किट्टीचं कधी जुळेल, म्हणून कुणी जीव टांगणीला लावल्याचं आठवत नाही. कारण उघड आहे. किट्टीनं तोंड उघडलं की करमचंद तिला गप्प बसवायचा. ते विनोदाला ठीक होतं. पण जिचं म्हणणं ऐकूनच घेतलं जात नाही, तिच्यात आणि त्याच्यात ताण येणार कुठून? दोरी ताणायला दोन्ही टोकांना सारखा जोर लागतो.

चाहती दीड मिनिटात शोधते ते हेच. चुंबन हवंच असतं, नाही असं नाही. पण त्याआधी तिला खात्री हवी असते की तो तिला आपल्या बरोबरीची मानतो. ‘एक्स-फाइल्स’च्या सिनेमातला तो पॅसेज पुन्हा बघा. मधमाशी येण्याआधी मल्डर काय सांगतो? तिच्या सौंदर्याबद्दल चकार शब्द नाही. तुझ्या काटेकोर विज्ञानानं मला हजारदा वाचवलं, तुझ्यामुळं मी पुरा माणूस झालो, अशा अर्थाचं तो बोलतो. ज्या बाईनं पाच वर्षं त्याचं प्रत्येक म्हणणं खोडून काढलं तिला तो सांगतोय की, तुझं ते खोडून काढणंच मला हवं होतं! घरी किंवा ऑफिसात ‘तू फार प्रश्न विचारतेस’ असं ऐकत आलेल्या बाईच्या डोळ्यांत यावर पाणी आलं तर नवल काय?

खेदाची गोष्ट अशी की ही बरोबरी पडद्यामागे नव्हती. गिलियन अँडरसननं २०१६ मध्ये मुलाखतीत सांगितलं की, सुरुवातीच्या काळात तिला डुकोव्हनीपेक्षा कितीतरी कमी पैसे मिळत आणि कॅमेऱ्यासमोर त्याच्या बरोबरीनं नव्हे, काही पावलं मागं उभं राहायला सांगितलं जाई. तीन वर्षं भांडून तिनं सारखा मोबदला मिळवला. आणि २०१६ मध्ये मालिका नव्यानं सुरू करताना पुन्हा तिला त्याच्या निम्मेच पैसे देऊ केले गेले! तिनं पुन्हा भांडून बरोबरीचे घेतले.

पडद्यावरचं पुढं सावकाश घडत गेलं. २८ नोव्हेंबर १९९९ च्या भागात, हॉस्पिटलमधल्या टीव्हीवर नव्या वर्षाचं स्वागत चालू असताना, मल्डर-स्कलीचं पहिलं खरंखुरं चुंबन झालं. साधं, घाईगडबडीशिवाय. एप्रिल २००० मध्ये गिलियननं स्वत: लिहून दिग्दर्शित केलेल्या भागाची सुरुवातच अशी की, ती आरशासमोर कपडे ठीक करतेय आणि आत पलंगावर तो गाढ झोपलाय. ना खुलासा, ना संवाद! शिपर नाचले, नोरोमो चिडले. काही जणींनी मात्र वेगळीच कुरकुर केली. सात वर्षं वाट पाहिली आणि नेमका महत्त्वाचा क्षण आमच्या पाठीमागे उरकला?

हीच कुरकुर पुढं ‘बोन्स’च्या वाट्याला आली. २००५ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत हाडांवरून खुनाचा माग काढणारी शास्त्रज्ञ ब्रेनन आणि एफबीआयचा बूथ सहा वर्षं तळ्यात-मळ्यात करत होते. मे २०११ मध्ये ब्रेनन एकदम सांगते की तिला दिवस गेलेत. मधलं सगळं पडद्याबाहेर! पण रागावलेले चाहते सोडून गेले नाहीत. २०१३ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि मालिका २०१७ पर्यंत, २४६ भाग चालली. म्हणजे जवळजवळ निम्मी मालिका संसारातली.

‘कॅसल’चं उदाहरण तर जास्तच बोलकं. रहस्यकथा लिहिणारा कॅसल आणि पोलीस अधिकारी केट बेकेट. मे २०१२ मध्ये एकत्र, २०१४ मध्ये लग्न, मालिका उत्तम चाललेली. मग २०१५ च्या मोसमात लेखकांना जुनी भीती आठवली असावी. नवऱ्याचा जीव वाचावा असं कारण काढून बेकेटला घर सोडायला लावलं गेलं. चाहते खवळले. २०१६ च्या एप्रिलमध्ये बातमी आली की, बेकेटचं काम करणारी स्टाना काटिक हिला पुढच्या मोसमात घेणार नाहीत, कॅसल एकटाच राहील. बेकेटविना कॅसल? चाहत्यांनी असा गदारोळ केला की विचारू नका. पुढच्याच महिन्यात वाहिनीनं मालिका बंद करून टाकली. या खेपेला तरी कुणी ‘लग्नानं मालिका मेली’ म्हणू शकलं नाही.

आणि आपली ती ‘एक्स-फाइल्स’वाली चाहती? तिनंही कमी सोसलं नाही. २००८ च्या दुसऱ्या सिनेमात मल्डर आणि स्कली एकाच घरात राहताना दिसले. तिला वाटलं, सुटलो एकदाचे! २०१६ मध्ये मालिका परत आली तर दोघं विभक्त झालेले. का, तर पुन्हा तेच. जोडलेल्या माणसांचं काय करायचं हे लेखकाला सुचत नाही. मार्च २०१८ मध्ये शेवटचा भाग झाला. त्यात स्कली, पन्नाशी उलटल्यावर, पुन्हा आई होणार असल्याचं मल्डरला सांगते. कित्येक जणींनी तो शेवट मनातून बादच करून टाकला.

त्यांचा शेवट १९ मे २००२ चा. पहिल्या नऊ मोसमांचा तो अखेरचा भाग. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेल गावातलं एक मोटेल, बाहेर पाऊस. नोकरी गेलेली, सरकार मागावर. तो आणि ती पलंगावर पडून बोलतायत. किती वर्षांपूर्वी आपण अशाच एका मोटेलमध्ये बसलो होतो, याची तो तिला आठवण करून देतो. डासांचं मात्र कुणी नाव काढत नाही. ते चाहतीला आठवतं, आणि ती कपाटातून पहिली कॅसेट शोधायला उठते.